महिन्यातला एक तास आणि एक वही: विंडोज डेस्कटॉपची तपासणी घरच्या घरी

साताऱ्याला बाबांच्या टेबलावर एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. निवृत्तीनंतर घेतलेला. पेन्शनचे कागद, आयकराचं विवरणपत्र, नातवंडांचे फोटो, सगळं त्यावरच. घड्याळाशेजारच्या छोट्या ढालीवर कायम हिरवी खूण असायची, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गेल्या दिवाळीत ब्राउझर आपोआप भलत्याच पानांवर जायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा त्या ढालीच्या आत शिरून पाहिलं. ‘एक्सक्लूजन्स’ म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांच्या यादीत एकच ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. मशीन जोडून देणाऱ्याने फुकटचं, म्हणजे चोरीचं, ऑफिस सॉफ्टवेअर टाकलं होतं, आणि अँटिव्हायरस आड येऊ नये म्हणून ती ओळ घालून तशीच ठेवली होती. दीड वर्ष डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, चालू होता, रोज अद्ययावत होत होता, हिरवी खूण दाखवत होता आणि सी ड्राइव्हकडे बघतच नव्हता.

राखणदार कामावर हजर आहे, एवढंच ती खूण सांगते. कोणत्या दाराकडे बघू नको असं त्याला बजावलं आहे, ते तुम्हालाच आत जाऊन वाचावं लागतं. कसं वाचायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. सगळं विंडोज ११ धरून आहे. विंडोज १० मध्येही बहुतेक गोष्टी याच नावांनी सापडतात. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मेनूंची नावं आणि आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी वही

एक साधी वही घ्या आणि ती संगणकाशेजारीच ठेवा. मशीन चांगलं चालू असताना ते कसं दिसतं, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर बिघडल्यावर काय बदललं ते कळत नाही. डॉक्टरकडे जुना रिपोर्ट नेला की तो पहिल्यांदा आकड्यांची तुलना करतो, तसंच हे. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर तारीख आणि दोन ओळी लिहा. फाइलमध्ये नव्हे, कागदावर. मशीनच बंद पडलं तर फाइल उघडणार कशी?

पहिली पायरी: आवृत्ती आणि अपडेट

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. ‘रन’ची छोटी चौकट उघडते. त्यात ‘विनव्हर’ (विंडोज आणि व्हर्जन या शब्दांची पहिली तीन-तीन अक्षरं, जोडून) टाइप करा. आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसेल, तो वहीत उतरवा. मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन ‘अपडेट हिस्ट्री’ उघडा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेचे अपडेट सोडते. आपल्याकडे ते मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोहोचतात. गेल्या महिन्याचा अपडेट यादीत नसेल किंवा त्यापुढे ‘फेल्ड’ लिहिलेलं असेल, तर बाकीचं बाजूला ठेवून आधी तेच मार्गी लावा.

अपडेट पुढे ढकलण्याची किंमत न्हावा-शेवा बंदराने पाहिली आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलं आणि या बंदरातलं (जेएनपीटीमधलं) एपीएम टर्मिनल्स या कंपनीचं काम ठप्प झालं. हे मालवेअर पसरण्यासाठी वापरत असलेल्या वाटांपैकी एका वाटेवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेला होता.

विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव योजनेत नाव नोंदवलं असेल, तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. नोंदवलं नसेल, तर खालच्या सगळ्या तपासण्या करूनही मूळ भोक तसंच राहतं.

दुसरी पायरी: ढालीच्या आत

स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा. हिरव्या, पिवळ्या, लाल खुणा इथे दिसतात. त्यांच्यावर न थांबता आधी डावीकडे खाली ‘सेटिंग्ज’ आणि तिथे ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ पाहा. राखण नक्की कोण करतंय ते इथे कळतं. मशीनबरोबर एखादा अँटिव्हायरस चाचणीपुरता आलेला असतो. तो चालू असला की डिफेंडर बाजूला होतो; मग त्याची मुदत संपते आणि घरात कोणालाच पत्ता नसतो. माझं मत स्पष्ट आहे. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाका, रीस्टार्ट करा आणि डिफेंडरला काम करू द्या. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. नीट चालू ठेवला तर घरच्या मशीनला तो पुरतो.

आता ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ आणि त्यातलं ‘मॅनेज सेटिंग्ज’. इथे चार गोष्टी बघायच्या. रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू हवं. क्लाउडमधून मिळणारं संरक्षण चालू हवं. टॅम्पर प्रोटेक्शन चालूच हवं, कारण एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर डिफेंडर बंद करू नये यासाठीच २०१९ मध्ये ही सोय आणली. कोणी इन्स्टॉलेशनच्या वेळी ‘फक्त पाच मिनिटं हे बंद करा’ म्हणाला, तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका.

चौथी गोष्ट त्याच पानाच्या तळाशी असते: ‘ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स’. ही यादी दाखवण्याआधी विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. काही असलंच तर ते तुम्ही स्वतः, कारण माहीत असताना घातलेलं असलं पाहिजे. टेम्प फोल्डर, डाउनलोड्स, प्रोग्रॅमडेटा किंवा अख्खा ड्राइव्ह दिसला, तर आधी मोबाइलवर फोटो काढा, मग ओळ काढून टाका आणि लगेच ‘फुल स्कॅन’ लावा. बाबांच्या मशीनवर तो स्कॅन चार तास चालला. सोबत वाट बघत बसायची गरज नाही, फक्त मशीन झोपी जाऊ देऊ नका.

फोटो आधी का? पुढे काय सापडलं आणि ते कुठल्या वाटेने आलं याचा तोच एक धागा उरतो.

यानंतर ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ वाचा. डिफेंडरने काय अडवलं, काय क्वारंटाइन केलं, आणि कोणत्या गोष्टीला कोणी ‘अलाउ’ म्हटलं, ते इथे असतं. या नोंदी साधारण दोन आठवडेच राहतात, म्हणून हे पान पंधरा दिवसांतून एकदा उघडावं. एकच धोका पुन्हा पुन्हा अडवला जात असेल, तर त्याला परत आणून ठेवणारं काहीतरी आत बसलं आहे. ‘अलाउड थ्रेट्स’ची वेगळी यादी आहे, तीही बघा.

फायरवॉलच्या पानावर डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक हे तिन्ही चालू आहेत एवढं पाहिलं की झालं. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय चालू ठेवा, फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारा बराचसा कचरा तिथेच थांबतो.

तिसरी पायरी: विंडोज जागं होण्याआधीचं संरक्षण

अँटिव्हायरस विंडोज सुरू झाल्यावर कामाला लागतो. त्याच्याही आधी, मशीन सुरू होताना काय घडतं याची राखण ‘डिव्हाइस सिक्युरिटी’च्या पानावर दिसते. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर बहुधा इथेच उणीव सापडते. मदरबोर्डमध्ये सोय असते, पण जोडणाऱ्याने ती चालू केलेली नसते.

रनच्या चौकटीत ‘एम-एस-इन्फो-३२’ (मधल्या रेघा न घालता, शेवटी आकडे) टाइप करा. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचं, विंडोजच्याही आधी चालणारं सॉफ्टवेअर. ‘बायोस मोड’समोर यूईएफआय आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ऑन असं हवं. सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना फक्त ओळखीच्या सहीचा बूट प्रोग्रॅमच पुढे जाऊ देणारी तपासणी. मग रनमध्येच ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. टीपीएम ही सुरक्षेची चिप कुलपाच्या किल्ल्या सांभाळते. ‘रेडी फॉर यूज’ आणि आवृत्ती २.० दिसली की पुरे. चिप सापडत नाही असा संदेश आला, तर बायोसमध्ये ती बंद असण्याची शक्यता मोठी. इंटेलच्या मशीनवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम असतं.

बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट आवर्जून करा. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते अनेक मशीनवर आपोआप चालू होतं. चालू असेल आणि तुम्ही सिक्युअर बूट किंवा टीपीएमचं सेटिंग बदललं, तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर फोटो, कागद, सगळं आतच राहतं आणि कोणीही ते काढून देऊ शकत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज ती शोधा, वहीत लिहा आणि वहीचं ते पान कपाटात ठेवा. संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल, तर हे करा.

बायोस मोड ‘लेगसी’ दिसला, तर नुसतं बटण फिरवू नका. डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असेल तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी पूर्ण बॅकअप, मग जाणकाराकडून बदल.

२०२६ मध्ये इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे. सिक्युअर बूट ज्या प्रमाणपत्रांवर चालतं, ती २०११ साली दिलेली प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतीबाहेर जायला लागतात. त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात. ती आली नाहीत तरी मशीन सुरू होत राहील, पण बूटच्या टप्प्यावरच्या नव्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत. म्हणून अपडेट थांबवून ठेवू नका, आणि मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर बायोसचा नवा अपडेट आहे का ते बघा. बायोस अपडेट करताना यूपीएस चालू हवा आणि डिस्क एन्क्रिप्शन तात्पुरतं ‘सस्पेंड’ केलेलं हवं.

‘डिव्हाइस सिक्युरिटी’च्या पानावरच ‘कोअर आयसोलेशन डिटेल्स’मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’चं बटण आहे. विंडोजच्या गाभ्यात शिरणारा कोड आधी बंदिस्त जागेत तपासला जातो, तो यामुळे. बटण चालू होत नसेल तर विंडोज आडव्या येणाऱ्या ड्रायव्हरची (जोडलेली वस्तू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) यादी दाखवतं. जुना प्रिंटर, जुना वेबकॅम, डिजिटल सहीचा जुना टोकन, असंच काहीतरी निघतं. वस्तू वापरात नसेल तर ड्रायव्हर काढा. असेल तर नवा ड्रायव्हर शोधा. ही यादी वहीत नक्की लिहा. कच्चे, जुने ड्रायव्हर हा चोरांचा आवडता दरवाजा आहे, म्हणूनच विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून धोकादायक ड्रायव्हर अडवणारी यादीही आपोआप चालू असते.

चौथी पायरी: सिस्टिमच्या फाइल्स शाबूत आहेत का

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘टर्मिनल (ॲडमिन)’ उघडा. दोन आज्ञा, याच क्रमाने:

डी-आय-एस-एम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

एस-एफ-सी /स्कॅननाऊ

अक्षरांमधल्या रेघा टाइप करायच्या नाहीत. ‘क्लीनअप-इमेज’मधली मात्र करायची. प्रत्येक स्लॅशच्या आधी एक मोकळी जागा सोडा. अनेकजण थेट दुसरी आज्ञा देतात आणि मग दुरुस्ती झाली नाही म्हणतात. कारण सोपं आहे. दुसरी आज्ञा बिघडलेली फाइल बदलण्यासाठी विंडोजच्या स्वतःच्या कोठारातून चांगली प्रत आणते. कोठारातलीच प्रत किडलेली असेल तर ती काय आणणार? पहिली आज्ञा ते कोठार विंडोज अपडेटच्या मदतीने दुरुस्त करते, म्हणून इंटरनेट चालू हवं. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थबकते. खिडकी बंद करू नका.

दुसऱ्या आज्ञेचं उत्तर सहसा तीनांपैकी एक येतं. काही बिघाड सापडला नाही: उत्तम. सापडला आणि दुरुस्त केला: तारीख लिहा, रीस्टार्ट करून पुन्हा एकदा चालवा. सापडला पण काही दुरुस्त करता आला नाही: दोन्ही आज्ञा क्रमाने पुन्हा द्या, तरीही तेच आलं तर नव्याने इन्स्टॉल करण्याची तयारी ठेवा.

बिघाड निघाला म्हणजे व्हायरसच, असं मात्र नाही. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण वीज आहे. अपडेट चालू असताना लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, की फाइल अर्धवट लिहिली जाते. खात्री करायला रनमध्ये ‘परफमॉन’, मोकळी जागा, ‘/रेल’ असं टाइप करा. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडतो: तारखांचा आलेख, १ ते १० मधला स्थिरतेचा आकडा, आणि जिथे काही कोसळलं तिथे लाल फुली. ‘विंडोज नीट बंद झालं नाही’ अशा नोंदी तुमच्याकडच्या वीज गेलेल्या दिवसांशी जुळल्या, तर आधी यूपीएसची बॅटरी बदला. हे साधन फार थोड्यांना माहीत आहे आणि माझ्या मते विंडोजमधलं सगळ्यांत वाचनीय पान हेच.

वीज नसेल तर डिस्क बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, ‘ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज’, मग ‘डिस्क्स अँड व्हॉल्यूम्स’. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये उरलेलं आयुष्य टक्क्यांत आणि तापमान दिसतं. दोन्ही आकडे वहीत.

पाचवी पायरी: नोंदवही वाचायला शिका

‘इव्हेंट व्ह्यूअर’ पहिल्यांदा उघडणारा घाबरतोच. लाल, पिवळ्या खुणांची रांग दिसते. निरोगी मशीनवरही ती असते. याच भीतीवर ठगांचा धंदा चालतो: ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणून फोन येतो, तुमच्याकडूनच इव्हेंट व्ह्यूअर उघडवतात, लाल खुणा दाखवतात आणि मशीनचा ताबा मागतात. असा फोन आला की ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला फोन करत नाही.

आपण सगळ्या नोंदी वाचायच्या नाहीत, ठरावीक क्रमांक शोधायचे. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिक्युरिटी’ निवडा, उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’, आणि क्रमांकाच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन ११०२, ४७२०, ४७३२ लिहा. ११०२ म्हणजे कोणीतरी ही नोंदवहीच पुसली. तुम्ही पुसली नसेल तर हा सगळ्यांत गंभीर इशारा. ४७२० म्हणजे नवं खातं तयार झालं. ४७३२ म्हणजे एखादं खातं एखाद्या गटात घातलं गेलं. तो गट ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ असेल तर कोण, कधी, का, याचं उत्तर घरात कोणाकडे तरी असलंच पाहिजे.

४६२५ म्हणजे चुकलेला लॉगिन. सकाळी बाबांनी पासवर्ड दोनदा चुकवला तर दोन नोंदी, त्यात काही नाही. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन. हे शेकड्यांनी दिसतील, कारण विंडोजच्या स्वतःच्या सेवाही (मागे चालणारे प्रोग्रॅम) लॉगिन करतात. नोंद उघडून ‘लॉगॉन टाइप’ बघा. ५ म्हणजे सेवा, २ म्हणजे समोर बसलेला माणूस, ७ म्हणजे लॉक उघडलं, १० म्हणजे दुरून रिमोट डेस्कटॉपने. घरच्या मशीनवर १० दिसलं आणि तुम्ही तसं काही वापरत नसाल, तर इंटरनेटची केबल काढा आणि खालच्या ‘काही सापडलंच तर’ या भागावर जा.

‘सिस्टिम’ लॉगमध्ये ७०४५ शोधा: नवी सेवा बसवली गेली. प्रिंटर किंवा ब्राउझर बसवला त्याच दिवशीची नोंद असेल तर ठीक. विचित्र नाव आणि फाइलचा पत्ता टेम्प फोल्डरमधला असेल तर ठीक नाही. डिफेंडरची स्वतःची नोंदवही ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘विंडोज डिफेंडर’, ‘ऑपरेशनल’ इथे आहे. तिथे ५००१ म्हणजे रिअल-टाइम संरक्षण बंद केलं गेलं, ५००७ म्हणजे सेटिंग बदललं. एक्सक्लूजन कोणत्या दिवशी घातलं गेलं ते ५००७ मध्ये सापडतं, नोंदी तेवढ्या जुन्या शिल्लक असतील तर.

सहावी पायरी: घरात किल्ली कोणाकोणाकडे

सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ तारखेप्रमाणे लावा. दुरून ताबा घेणारी ॲप्स शोधा. बँकेच्या किंवा दुरुस्तीच्या नावाखाली कधीतरी बसवलेलं असं ॲप महिनोन्महिने पडून राहतं आणि मशीनबरोबर आपोआप सुरू होतं. काढून टाका, पुन्हा लागलं तर पुन्हा बसवता येतं. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की त्यावर उजवी क्लिक करून फाइलची जागा बघा. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स एकेक करून वाचा. सेटिंग्जच्या नेटवर्कमध्ये ‘प्रॉक्सी’चं (इंटरनेटची जा-ये दुसऱ्या मशीनमार्गे वळवणाऱ्या सेटिंगचं) पान उघडा, घरच्या जोडणीवर तिथे हाताने भरलेला पत्ता असायचं कारण नाही. बाबांचा ब्राउझर भलतीकडे जात होता, तो इथल्याच एका ओळीमुळे.

रोजच्या वापराचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. सुरुवातीला कटकट वाटते, आठवड्यात सवय होते.

काही सापडलंच तर

इंटरनेट तोडा. बँकेचे व्यवहार त्या मशीनवरून होत असतील, तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. मग विंडोज सिक्युरिटीतल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतं, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्या गोष्टी इथे उघड्या पडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

नोंदवही पुसलेली असेल, अनोळखी ॲडमिनिस्ट्रेटर खातं निघालं असेल, किंवा संरक्षण पुन्हा पुन्हा आपोआप बंद होत असेल, तर साफसफाईवर विश्वास ठेवू नका. कागद आणि फोटोंचा बॅकअप घ्या, प्रोग्रॅम्सचा नको. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवा आणि डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. बाबांच्या मशीनचं आम्ही तेच केलं. शनिवार-रविवार गेला. चोरीच्या ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं. मराठीत टाइप करायला बाबांना त्यात काही अडलं नाही.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर बिल्ड क्रमांक आहे, सिक्युअर बूट चालू, टीपीएम २.०, मेमरी इंटिग्रिटी चालू, खाती दोन. त्याखाली बाबांच्या अक्षरात: एक्सक्लूजन्स, एकही नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला, पेन्शन जमा झाली का ते बघून झालं की, ते यादी उघडतात आणि त्या ओळीपुढे नवी तारीख घालतात.